कंबर-उडीची चार पुस्तकं

२ जून १९९९

परवा निवृत्त झालो. निरोपाला शाळेनं शाल, नारळ आणि ही डायरी दिली. डायरी चालू वर्षाची, म्हणजे पहिले पाच महिने कोरे जाणार, हे देणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या पानावर ‘श्री. सोमलींग गुरुजींना’ असं लिहिलंय. ‘लिं’ ऱ्हस्व पाहिजे. खिशातलं पेन काढून तिथल्या तिथं दुरुस्त केलं तर मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, मराठीही तपासलं. आता एका दिवसात डोळे मिटून घेऊ का?

धारूरच्या या घरात आता आम्ही दोघंच, मी आणि जगदेवी. मुलगा रवी अमेरिकेत आहे, न्यू जर्सीला, कॉम्प्युटरमध्ये. दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर तारीख चुकणार आहेत म्हणे, ती चूक दुरुस्त करायला आपल्या पोरांना तिकडं नेलंय. चुका दुरुस्त करणं आमच्या घराण्यातच आहे, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचो.

त्याचं शेवटचं पत्र मार्चमध्ये आलं. सोळा चुका. नेहमीप्रमाणे लाल शाईनं तपासून, खाली शेरा लिहून त्याचं त्याला परत पाठवलं. तो लातूरला शिकायला होता तेव्हापासूनची ही पद्धत. त्यानंतर तीन महिने पत्र नाही. पोस्टखात्याचा कारभार, दुसरं काय.

जगदेवी म्हणते, "पत्र वाचायचं अन् फळीवर ठिवायचं. परत कावून धाडता?" तिला शिक्षणातलं काय कळणार.

९ जून

अमेरिकेत रवीच्या खोलीत राहणारा विजयसिंह कायमचा परत आलाय. मांजरसुंब्याच्या भगवानरावांचा मुलगा. आज खोकं घेऊन घरी आला. जगदेवीला वाटलं साडी असेल, निदान साबण-अत्तर तरी. निघाली चार जाडजूड इंग्रजी पुस्तकं. चारही एकाच विषयावर, हिप-हॉप नावाच्या कसल्याशा संगीताचा इतिहास आणि संस्कृती. वर वहीच्या पानावर चिठ्ठी: ‘आप्पा, मला अजून बेंचवरच ठिवलंय. ही पुस्तकं वाचा. मला काय म्हणायचंय ते यात हाय. – रवी.’

तीन वाक्यांत दोनच चुका. सुधारणा आहे. बेंचवर ठेवलंय म्हणजे प्रशिक्षण चालू दिसतं. अमेरिकेतसुद्धा मुलांना बाकावर बसवूनच शिकवतात हे वाचून बरं वाटलं. विजयसिंहाला तसं म्हणालो तर तो कपातल्या चहाकडं बघत राहिला. मग "रवी बरा आहे काका, निघतो मी" म्हणून उठलाच. पोहे टाकलेले तसेच राहिले.

११ जून

पुस्तकं उघडली. शब्दकोश घेऊन बसलो. हिप म्हणजे कंबर. हॉप म्हणजे एका पायावर उडी. कंबर-उडी. रॅप म्हणजे दारावर टकटक, दुसरा अर्थ ठपका. स्क्रॅच म्हणजे ओरखडा. ब्रेक म्हणजे मोडणं. चौतीस वर्षांत एवढे ओळखीचे शब्द मिळून एकही वाक्य लागत नाही असं झालं नव्हतं. चित्रांत काळी पोरं खोक्याच्या पुठ्ठ्यावर डोकं टेकवून पाय वर करून फिरतायत.

जगदेवीनं चित्र बघितलं आणि विचारलं, "रव्या बी असंच करतो का तिथं?"

मी म्हटलं, "तो कॉम्प्युटरमध्ये आहे."

१६ जून

चिकाटीनं साठ पानं झाली. आता थोडं लागायला लागलं. न्यूयॉर्कात ब्राँक्स नावाचा भाग आहे. सरकारनं त्याच्या मधूनच मोठा रस्ता काढला, वस्ती दुभंगली, ज्यांना जमलं ते निघून गेले. घरमालकांनी विम्यासाठी आपल्याच इमारती पेटवल्या. मागे राहिली काळी माणसं आणि बेटांवरून आलेली गरीब माणसं. त्यांची पोरं वाद्यं कुठून आणणार? मग त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढली, दोन रेकॉर्ड प्लेअर जोडले आणि चौकात गाणं लावलं. एक जण हातात माइक धरून तालावर बोलायला लागला, त्याला दुसऱ्यानं तालावर उत्तर दिलं. एवढ्यातून हे सगळं उभं राहिलं म्हणे.

रोज सकाळी मी सटवाच्या एसटीडी बूथवर जातो, रवीचा फोन आला होता का विचारायला. आज पुस्तक हातातच होतं. सटवाला हे मराठीत सांगितलं.

"मंजी आकडा टाकला की," तो म्हणाला. "अन् ते तालावर बोलणं मंजी आपला कलगीतुरा. माझा आजा तुऱ्याकडून गायचा. समोरच्यानं सवाल केला की जागेवर जवाब. अडला तर डफ खाली ठिवायचा. तुमचं पुस्तक आमचंच सांगायलंय, गुरुजी."

मी विचारलं, "मग गाणाऱ्याचं शुद्ध-अशुद्ध कोण बघायचं?"

"ते बघायला येळ कुणाला? जवाब द्यायचा असतो."

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फोन आला नव्हता.

२१ जून

दुसरं पुस्तक. यातला लेखक सांगतो की ही पोरं तबकडी फिरत असताना हातानं मागं ओढायची. सुई खरखरते, रेकॉर्डची वाट लागते, त्या खरखरीलाच ते कला म्हणतात. आणखी एक जागा: एका पोरानं बापाच्या रेकॉर्ड वाजवल्या, ज्यांना हात लावायची त्याला परवानगी नव्हती. या ओळीखाली रवीनं पेन्सिलनं दोन रेघा मारल्यात. कावून कोण जाणे. आमच्या घरी तर रेकॉर्ड कधीच नव्हत्या.

(वर ‘कावून’ लिहिलं गेलं. ‘का’ पाहिजे.)

पुढं लिहिलंय की या पोरांनी आपली गल्लीतली बोली तशीच्या तशी गाण्यात आणली. शाळेनं जिला चूक ठरवलं, तिचीच त्यांनी शान केली. हे मला पटलं नाही. चूक ती चूक. पण दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

२४ जून

तिसऱ्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर रवीच्या अक्षरात कविता सापडली. कविता कसली, कंबर-उडीच:

बेंचावर बसतो, काम काईच न्हाई,
सांगावं म्हणलं तर कान कुटंच न्हाई,
आप्पाची शाई लाल, माजं बोलणं काळं,
धारूरची जीभ माजी, तिला घातलं टाळं.

‘काईच’ला काहीच, ‘न्हाई’ला दोन्हीकडं नाही, ‘म्हणलं’ला म्हटलं, ‘कुटंच’ला कुठेच, ‘माजं’ला माझं, ‘माजी’ला माझी. तपासून झाल्यावर खाली शेरा लिहिला: ‘यमके जमली आहेत. आशय बरा. भाषेकडे लक्ष द्यावे. १० पैकी ५.’ रवीला मी पाच कधी दिले नव्हते. त्याला आनंद होईल.

जगदेवीला वाचून दाखवली. तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्याला काम न्हाई असं लिव्हलंय की हो ह्याच्यात."

मी म्हटलं, "कवितेत असं लिहितात."

२७ जून

झोप नीट लागत नाही, म्हणून पहाटे उठून लिहितोय. कुणाला कधी सांगितलं नाही ते लिहितो.

मी दिंद्रुडचा. निजामाचं राज्य होतं तेव्हा माझी पहिली शाळा उर्दू. राज्य गेलं आणि शाळा एका वर्षात मराठी झाली, तीही घरच्यासारखी मराठी नव्हे. पुढं औरंगाबादला ट्रेनिंग कॉलेजात गेलो. पहिल्याच दिवशी पाठ घ्यायला उभा राहिलो आणि म्हणालो, "हे उदाहरण अवघड न्हाई." सगळा वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. दोन वर्षं मला ‘न्हाई’ याच नावानं हाक मारायचे. न्हाई आला, न्हाई गेला. खोलीत आरसा ठेवून ‘नाही, नाही, नाही’ असं घोकायचो. ते माझ्या पोराच्या वाट्याला येऊ नये एवढंच मला पाहिजे होतं. तो दोन वर्षांचा असताना पहिल्यांदा ‘न्हाई’ म्हणाला तेव्हापासून ते ऐकलं की माझ्या तोंडून ‘नाही’ आपोआप निघतं. शिंक आल्यासारखं.

हे त्याला सांगायला पाहिजे होतं. शाईपेक्षा हे बरं झालं असतं.

४ जुलै

राहवलं नाही. केजला गाडी बदलून मांजरसुंब्याला गेलो. भगवानरावांच्या धाब्यावर विजयसिंहच गल्ल्यावर होता. मला बघून उठला, पाया पडला, आणि या वेळी सगळं बोलला.

बेंचवर ठेवणं म्हणजे काम न देणं. शिकवणं-बिकवणं काही नाही. कंपनी तिकडं घेऊन जाते, काम सापडेपर्यंत खोलीत बसवून ठेवते, काम नाही तर पगार नाही. रवीला जानेवारीपासून काम नव्हतं. मेमध्ये खोलीतूनही काढलं. आता तो त्या ब्राँक्समध्येच एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात हाताखाली लागलाय, वरच्या माळ्यावर झोपतो. पुस्तकं त्या दुकानदारानंच दिली. अमेरिकेत राहायची मुदत ऑगस्टमध्ये संपते.

आणि मी गावभर सांगत फिरलो, प्रशिक्षण चालू आहे म्हणून.

"तुम्ही तपासलेलं पत्र आलं ना काका, ते आम्ही खोलीतल्या चौघांनी वाचलं," विजयसिंह म्हणाला. "लई हसलो. रवी बी हसला. मग दोन दिवस तो बोललाच न्हाई कुणाशी. त्या पत्रात त्यानं काम न्हाई असं लिव्हलं होतं, काका. तुम्ही ‘काम नाही’ करून धाडलं."

माझ्यासमोर चहा होता. तो प्यालो की नाही आठवत नाही.

"त्याला घरी यायचंय," तो पुढं म्हणाला. "पण तुम्हाला विचारल्याबिगर येत न्हाई म्हणतो. तुम्ही ये म्हणलात की निघंल. मी आज निरोप देतो, पुढच्या रविवारी सकाळी आठला धारूरच्या बूथवर फोन करंल."

मी सटवाच्या बूथचा नंबर लिहून दिला. आकडे दोनदा तपासले.

५ जुलै

जगदेवीला सगळं सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "येऊ द्या लेकराला. तुमच्या भावाच्या, वीरेशभाऊजीच्या दुकानात बसंल, न्हाईतर नुसता घरी बसंल. तुमी फकस्त ये म्हणा."

एवढंच करायचंय. एक अक्षर.

८ जुलै

काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. आधी दीड पान झालं. मग खोडत खोडत तीन ओळींवर आणलं. ‘रवी, मला सगळं कळलंय. मी रागावलेलो नाही. तू ये.’ जगदेवीपुढं दोनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "परिपाठ म्हणल्यासारखं म्हणू नका." तिसऱ्यांदा जरा बरं जमलं.

कंबर-उडीचं चौथं पुस्तकही संपवलं. तो विचारेल.

११ जुलै, रविवार

सकाळी सातलाच बूथवर जाऊन बसलो. जगदेवीनं लिंगपूजा आटोपून नवं लुगडं नेसलं होतं, फोनवर दिसणार असल्यासारखं. सटवानं बाकीच्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं. आठ वाजून दहा मिनिटांनी वाजला.

आधी ती बोलली. जेवलास का, बारीक झालास का, तिथं ज्वारी मिळती का. मग मला दिला. कागद माझ्या हातात होता.

आवाज लांबून यायचा. आपण बोललेलं त्याला दोन-तीन सेकंदांनी ऐकू जायचं, त्याचं आपल्याला तितक्याच उशिरानं. दोघांचं बोलणं एकमेकांवर पडत होतं.

"आप्पा, पुस्तकं वाचली का?"

"चारही वाचली."

"मग?"

"सटवा म्हणतो हा कलगीतुराच आहे. मलाही तसंच वाटलं."

तो हसला. खरंच हसला, लहानपणी हसायचा तसा. मला इतकं हलकं वाटलं की कागदाकडं बघायचं विसरलो.

मग तो म्हणाला, "आप्पा, इथं माजं काईच जमलं न्हाई."

आणि मी म्हणालो, "नाही."

शब्द दुरुस्त केला. दुसरं काही नाही. शपथेवर सांगतो, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण माझा शब्द वाटेत असतानाच त्याचं पुढचं वाक्य इकडं यायला निघालं होतं. मला ते ऐकू आलं: "मी घरी यीऊ का?"

त्यानं ते विचारलं आणि त्याला माझं ‘नाही’ ऐकू आलं.

मी "ये, ये रवी, तू ये" म्हणायला लागलो. त्याच्या आधीच तिकडून "बरं आप्पा" असा आवाज आला आणि खट्ट झालं. मी तरी ये ये म्हणतच होतो. सटवानं हळूच माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

बाजूला जगदेवी उभी होती. तिला फक्त माझंच ऐकू येत होतं. ती म्हणाली, "त्यानं काय विचारलं?"

मी सांगितलं.

"अन् तुमी नाही म्हणलात?"

१२ जुलै

बूथवरून मांजरसुंब्याला फोन. विजयसिंहानं त्या दुकानाला लावून बघितलं. कुणी उचलत नाही.

१४ जुलै

आज दुकानदारानं उचलला. रवी रविवारीच पिशवी घेऊन गेला म्हणे. कुठं ते सांगितलं नाही. कुठल्या गावात, कुणाकडं, विजयसिंहालाही माहीत नाही. तो म्हणाला, "येवढा मोठा देश हाय काका, कुटं बघायचं?" ‘कुटं’ ऐकलं, पण माझ्या तोंडून ‘कुठं’ निघालं नाही. आता निघत नाही.

जगदेवी माझ्याशी जेवणापुरतं बोलते. वाढू का, पुरे का. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

१९ जुलै

कुठं पाठवायचं ते माहीत नसताना पत्र लिहायला बसलो. दुकानाचा पत्ता आहे, तो परत तिथं गेला तर त्याला मिळेल. पहिली चार पत्रं फाडली. माझ्या शुद्ध मराठीत ते लिहिताच येईना. लिहिलं की मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज केल्यासारखं व्हायचं. पाचवं घरात बोलतात तसं लिहिलं, दिंद्रुडात माझी आई बोलायची तसं. वाचून बघितलं नाही, नाहीतर हात दुरुस्त करायला गेला असता. तसंच डकवलं आणि पोस्टात जाऊन टाकलं.

२ ऑगस्ट

पोस्टमन म्हणतो जायलाच पंधरा दिवस लागतात.

२० ऑगस्ट

आज फोनची चौकशी करायला गेलो नाही. सटवाच घरी आला आणि म्हणाला, "गुरुजी, आला तर मी पळत येईन, तुमी नगा हेलपाटे घालू." त्यानं बूथवरच्या पोरीला, सायलीला, रवीचं नाव कागदावर लिहून काचेला चिकटवायला लावलंय. ‘रवि’ असं ऱ्हस्व लिहिलंय. राहू दे.

त्याची मुदत याच महिन्यात संपते. पुढं तो तिथं कसा राहील, पोलीस धरतील का, धरलं तर आम्हाला कोण कळवील, कुणालाच सांगता येत नाही. बीडला कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. तिथल्या साहेबानं अर्ज लिहून द्या म्हटलं. दिला. त्यावर शिक्का मारून घेतला.

६ सप्टेंबर

पत्र परत आलं. पाकिटावर इंग्रजी शिक्का आहे, असा माणूस या पत्त्यावर नाही. पोस्टमननं ते माझ्या हातात न देता जगदेवीच्या हातात दिलं. तिला वाचता येत नाही, तिला वाटलं रवीचंच आलं. माझ्याकडं धावत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "फोडा."

मला सांगता आलं नाही. फोडलं आणि वाचलं.

‘रवी, मी फोनवर नाही म्हणलो ते तुला न्हाई म्हणलो. तुज्या बोलण्यावर म्हणलो. माजी जीबच तशी झालीय, अन् ती मीच केली. मला लोकं हासले हुते म्हणून मी तुला हासू दिलं न्हाई. तुजं गाणं वाचलं. त्याच्यावर शाई सांडली ती चूक माजी. काम असू दे नसू दे, तू घरी ये. तुज्या आईला करमत न्हाई अन् मला बी न्हाई. ये बाबा. – आप्पा.’

ती ऐकत होती. पहिल्या दोन ओळींतच तिला कळलं की हे त्याचं नव्हे. तरी तिनं शेवटपर्यंत वाचू दिलं.

मग म्हणाली, "तुमाला असं बी बोलता येतंय."

मी हो म्हणालो.

तिनं पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि माझ्यापुढं धरली. "पुन्यांदा वाचा," म्हणाली. "माज्या ध्यानात राहू द्या सगळं. त्याचा फोन आला अन् तुमी घरी नसलात, तर मी सांगंन त्याला."

पुन्हा वाचलं. ती माझ्यामागून एकेक वाक्य म्हणत गेली. सहावीत पाठांतर घेतात तसं. एका ठिकाणी ती अडखळली, ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’ म्हणाली: "मी फोनवर न्हाई म्हणलो ते तुला न्हाई म्हणलो." तसं म्हटलं तर मी नुसता शब्द दुरुस्त केला होता, हे रवीला त्यातून कळणारच नाही. मला तिला सांगायचं होतं की तिथं ‘नाही’च पाहिजे. तोंड उघडलं, पण सांगायचा धीर झाला नाही.

ती तसंच पाठ करत बसलीय.